वॉटरफर्डच्या अलीकडचं गाव

आमचा मूळ बेत प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्टचा होता. मंदार आणि मी पुण्यात हॉस्टेलच्या एका खोलीत राहायचो, तेव्हापासूनचा. पुढे दोघेही डब्लिनला आलो, तो ओंगारला राहून औषधांच्या कारखान्यात, मी ॲडम्सटाउनला कंप्युटरसमोर. पाठीवरच्या मोठ्या सॅक घेतल्या, स्वस्तातली हॉस्टेलं हेरून ठेवली आणि २०२० साल उजाडलं. सॅक कपाटावर गेल्या. २०२१च्या जुलैत निर्बंध जरा सैल झाले, तेव्हा युरोपातली जुनी शहरं बघायचीच तर आयर्लंडातली बघू, असं म्हणून आम्ही ॲडम्सटाउनच्या स्टेशनवर उभे राहिलो. किलकेनी, वॉटरफर्ड आणि जमलं तर कॉर्क.

सहलीचं मंदारनेच काढलं होतं, आणि मला ते पटलं नव्हतं. एप्रिलमध्ये त्याचे बाबा नागपुरात कोविडने गेले. त्याला जाता आलं नाही. अग्नी महापालिकेच्या माणसांनी दिला, चुलतभाऊ रवी स्मशानाच्या फाटकाबाहेर उभा होता. इथे न्हाव्यांची दुकानं बंद होती, म्हणून ओंगारच्या बाथटबमध्ये बसवून मीच ट्रिमरने त्याचं डोकं भादरलं. अस्थींचा कलश रवीने घरामागच्या जांभळीला बांधून ठेवला होता, कारण मंदारच्या आईने सांगून टाकलं होतं, की मुलगा आल्याशिवाय अस्थी शिरवायच्या (विसर्जित करायच्या) नाहीत. मंदारचं कंत्राट ऑगस्टमध्ये संपत होतं. भारतात गेलास तर परत केव्हा येशील ते आम्ही कसं सांगणार, असं साहेबाने गोड आवाजात सांगितलं होतं. रवी म्हणत होता, पावसाळा लागला, किती दिवस टांगून ठेवायचं, हो किंवा नाही ते एकदाचं कळव. मंदार त्याला म्हणाला, ट्रिपहून आलो की सांगतो.

माझं मत मी कधीच देऊन बसलो होतो. रवीला करू दे, तू व्हिडिओ कॉलवर नमस्कार कर. सगळे तेच करत होते.

किलकेनीचा किल्ला भर पावसात पाहिला. तिथला दगड काळसर आहे आणि भिजला की अख्खं गाव शाई सांडल्यासारखं दिसतं. खाणावळीत आत बसायला अजून बंदी होती, तेव्हा बाकावर बसून चिप्स आणि घरून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. तंबू ठोकायला गेलो तर त्याच्या खुंट्या मी घरीच विसरलो होतो. मंदार चिडला असता तर बरं झालं असतं. तो इथल्या लोकांसारखं "ग्रँड, ग्रँड", म्हणजे चालतंय, म्हणत दगड गोळा करत राहिला.

संध्याकाळी मंदारच्या आईचा फोन आला.

"काय जेवला रे बाबू?"

"जेवलो ना आई. हा किल्ला पाय."

त्याने कॅमेरा किल्ल्याकडे वळवला, मग नदीकडे, मग माझ्याकडे. स्वतःकडे एकदाही नाही. आईही किल्ला छान आहे म्हणाल्या. जांभळीबद्दल कोणी बोललं नाही. मला दोघांचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी वॉटरफर्डच्या बसमधून आम्ही मध्येच उतरलो. तिथे जुन्या मठाचे अवशेष आहेत, तिकीट नाही, एवढंच आकर्षण. अवशेष पाहून बसथांब्याकडे परत येताना रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी दिसली. घराघराच्या फाटकापाशी, अंतर राखून, मास्क लावून. एका शेताच्या तोंडाशी ट्रॅक्टर लावून त्यावर एक माणूस टोपी हातात घेऊन बसला होता. कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, सायकलची शर्यत असेल.

निळं स्वेटर घातलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, गावातला जो नावाचा शेतकरी वारला, त्याला नेताहेत. चर्चमध्ये मोजक्याच लोकांना परवानगी, म्हणून सगळं गाव रस्त्यावर येऊन निरोप देतं. गेल्या वर्षीपासून इथे असंच चाललंय.

काळी गाडी अगदी चालीच्या वेगाने आली. पुढे एक माणूस पायी चालत होता. मी मान खाली घातली. शेजारी हालचाल झाली म्हणून पाहिलं, तर मंदार खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. आपल्याकडे रस्त्यातून प्रेत जाताना चपला काढून हात जोडतात, तसे त्याने बूट काढले, मोजे काढले आणि ओल्या डांबरावर हात जोडून उभा राहिला. मी बूट काढले नाहीत. ओले होते, नाड्यांना गाठी बसल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर लोक बघत होते.

गाडी वळणापलीकडे गेली तरी तो तसाच.

"पाय दुखताहेत का रे बाळा?" बाईंनी विचारलं.

"नाही. आमच्यात मेलेल्या माणसासमोर असं करतात," मी म्हणालो.

त्यांनी मंदारकडे नीट पाहिलं. बोटभरही न वाढलेल्या केसांकडे, पायांकडे. "तुझं कोण गेलं?"

"बाबा. एप्रिलमध्ये. इंडियात."

बाईंनी हात पुढे केला, मग आठवण होऊन मागे घेतला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. "सॉरी फॉर युअर ट्रबल," त्या म्हणाल्या. इथे समाचाराला गेल्यावर हेच म्हणतात. "लोक बरेच जमले होते का?"

"कोणीच नव्हतं. मीसुद्धा नव्हतो."

"आणि पुरलं कुठे?"

"पुरलं नाही. अस्थी आहेत. मी गेल्यावर पाण्यात सोडायच्या आहेत."

"म्हणजे बाबा तुझी वाट बघताहेत. मग तू इथे काय करतोयस?"

प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. तीन महिन्यांत आम्ही मित्रांनी मंदारला फ्लाइट, परवाना, क्वारंटाइन यांबद्दल सगळं विचारलं होतं, हे एवढं सोडून. बस चुकली, दुसरी यायला वेळ होता, आणि तो थांब्यावर मोजे हातात घेऊन बसून रडला. मी शेजारी बसून राहिलो.

वॉटरफर्डला गोल बुरुज आहे, वायकिंगांच्या वेळचा म्हणे. आम्ही तो बाहेरूनच पाहिला. नदीकाठच्या धक्क्यावर मंदारने आईला फोन लावला आणि या वेळी कॅमेरा स्वतःकडे धरला.

"बाबू, किती वाळला रे," आई म्हणाल्या.

"आई, मी येऊन राहिलो. रवीला सांग, थांब म्हणा."

"अन् नोकरी?"

"पाहू."

कॉर्क राहिलंच.

तो नागपूरला गेला. ऑगस्टमध्ये कंत्राट वाढवलं नाही, आणि इथे काम करायचा परवाना कंत्राटाबरोबरच गेला. ओंगारची खोली मी रिकामी केली. त्याची सॅक माझ्या सॅकशेजारी कपाटावर ठेवली आहे, त्यात तंबू आहे, खुंट्याही आता आहेत. तो परत येईल असं मला वाटत नाही. आमचं प्राग व्हायचं नाही, हे मला फार लागलं, आणि हे त्याला सांगण्यासारखं नाही.

मी घरून काम करत होतो तेव्हा त्याचा व्हिडिओ आला. रामटेकचा अंबाळा तलाव, पाऊस, गुडघाभर पाण्यात मंदार, छातीशी कलश. मागे पायऱ्यांवर छत्र्याच छत्र्या. खाली त्याने लिहिलं होतं, 'त्या बाईंना सांगता आलं तर सांग. लोक बरेच जमले होते.'

बाईंचं नाव मी विचारलं नव्हतं. मी व्हिडिओ पहिल्यापासून लावला, पायांतल्या सपाता काढल्या आणि खुर्चीवरून उठून उभा राहिलो.