चपलांची रांग

आमच्या दवाखान्यात नंबर चपलांचा असतो. आलेला माणूस दाराबाहेरच्या रांगेत चप्पल ठेवतो आणि समोरच्या चिंचेखाली जाऊन बसतो. एक पेशंट आत गेला की कुणीतरी उठतं आणि मागच्या सगळ्या चपला पायाने पुढे सरकवतं. माझ्या खुर्चीतून खिडकीबाहेर ती रांग दिसते. शहरातून आलेल्या मित्रांना मी ती कौतुकाने दाखवायचो. इथे कुणी मध्ये घुसत नाही, असं वर सांगायचो.

त्या सकाळी निळ्या पट्ट्यांची, टाचेशी झिजलेली चप्पल दारापर्यंत आली, पण आत कुणी आलं नाही. मी बाहेर गेलो. सरूमावशी चिंचेच्या खोडाला टेकून बसल्या होत्या. हात लावला तर गार.

"सकाळपासून छातीत कळ येत होती त्यांच्या," शेजारची बाई म्हणाली. "मी म्हटलं, मावशी, आधी जा. तर म्हणाल्या, पुढं लेकुरवाळ्या आहेत, त्यांचं होऊ दे."

त्यांची चप्पल मात्र लोकांनी न चुकता पुढे सरकवली होती. चपलेवरून कुणाला किती दुखतंय ते कळत नाही, एवढं तरी मला, डॉक्टरला, कळायला हवं होतं.

आता दारावर मी पाटी लावली आहे. छातीत दुखत असेल तर थेट आत या.

काल एक म्हातारबाबा छाती धरून आले. त्यांनी पाटी मोठ्याने वाचली, मान डोलावली, आणि चप्पल काढून रांगेच्या शेवटी ठेवली.