चहा झाला, तरी कळवलं

साठच्या दशकात अमरावतीत मोटार चालवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि त्यातलं एक बोट मी होते. यजमान अकोल्याच्या कॉलेजात शिकवायचे, शनिवारी घरी यायचे. त्यामुळे आमची जुनी मोटार आणि तिची किल्ली माझ्याकडे. सासरे, म्हणजे मामंजी, वकील. माझ्या शेजारी बसायचं ते शिताफीने टाळत. "भांडणाची एक गोष्ट घरी आली, का किल्ली माझ्याजवळ," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मला ती किल्ली मंगळसूत्राइतकी जपावीशी वाटायची.

दसऱ्याच्या दिवशी अंबादेवीच्या देवळाबाहेर मी मोटार मागे घेत होते आणि ती एका शेठच्या नव्या कोऱ्या मोटारीला टेकली. शेठ कापसाचे अडते, मामंजींचे जुने पक्षकार. त्यांच्या पुढच्या मडगार्डला वाटीएवढा पोचा आला. मी घामाघूम झाले, पण शेठ हसले. "कायचं नुसकान, सूनबाई! चाय घ्या, मॅटर खतम." आणि समोरच्या हॉटेलातून चहा मागवला.

आमच्या वऱ्हाडात चहा हे कोर्टापेक्षा वरचं कोर्ट. चहा झाल्यावर विषय काढणारा माणूस हलका ठरतो. मामंजीही म्हणाले, "चहा झाला न? मंग काही झालंच नाही."

पण विम्याच्या अटीत धक्का लहान असो की मोठा, कळवा, असं स्वच्छ म्हटलं होतं. मी शिक्षिका; शाळेत मुलींना नियम पाळायला सांगायचं आणि आपण चहावर भागवायचं, हे मला पटेना. दुसऱ्या दिवशी मी विम्याच्या एजंटाला जाऊन सांगितलं. पैसे मागितले नाहीत, नुसतं कळवलं. तो म्हणाला, आजच शेठची गाडीही नजरेखालून घालतो.

घरात मात्र भडका उडाला. "चहा पिऊन चुगली? काहून कळवलं तू?" मामंजी कडाडले. शनिवारी यजमान आले, तेही म्हणाले, "एवढ्याशा पोच्यासाठी हप्त्यातली सवलत घालवशील." दोन विद्वान एका बाजूला आणि मी एकटी. मला रडू नाही आलं, राग आला.

दिवाळीच्या तोंडावर शेठ घरी आले. "वकीलसाहेब, सूनबाईच्या धक्क्यानं दिवा फुटला, जाळी आत गेली. तवा लाजेकाजे बोललो नाही. तुमचा विमा हाये, कंपनी भरून देईन. सूनबाईनं फक्त हो म्हणावं."

मामंजींचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "किल्ली." मी दिली. "आणि चहा टाक," ते म्हणाले. चहा झाला की शेठचं खोटं मान्य केल्यासारखं होऊन विषय कायमचा मिटणार होता.

मी जागची हलले नाही. "आधी बोलणं, मग चहा," मी म्हटलं. "शेठजी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगणात कोणी गाडी पाहायला आलं होतं का?"

"आला होता एक. इमा इकायले आला अशीन. म्या त्याले सारी गाडी दाखवली, दिवे लावून दाखवले..."

बोलता बोलता शेठ थांबले.

"तो आमचाच एजंट. दिवे लागत होते, हे त्यानेही पाहिलंय. बोलावू?"

मग शेठनी टोपी काढून डोकं खाजवलं. "नांदगावच्या रस्त्यावर कापसाची बैलगाडी आडवी आली, वकीलसाहेब. ड्रायवर कायले थांबते!"

मग मी चहा टाकला. आलं घातलं, साखर सढळ हाताने घातली. शेठ तो खाली मान घालून प्याले आणि निघून गेले. मी कपबशा उचलत होते, तेवढ्यात मामंजी उठले आणि त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"मले बडनेऱ्याहून आगगाडी पकडाची आहे. चल, सोडून दे."

मी मागचं दार उघडलं. त्यांनी ते लावलं आणि पुढे, माझ्या शेजारी बसले. शेठच्या अडत दुकानासमोर आलो, तेव्हा हळूच म्हणाले, "हारन वाजव."

मी वाजवला. चांगला लांबलचक वाजवला.