होकायंत्राची उलटी सुई

कुंदाबाई शिरपूरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. गाईडच्या पथकाचंही त्याच बघायच्या. तोंडानं फटकळ. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या शिबिरात चिडल्या, तशा कधी चिडल्या नव्हत्या.

होकायंत्र घेऊन जंगलातला झेंडा शोधायची स्पर्धा होती. आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. झेंडा उत्तरेला होता. कुंदाबाईंच्या मुली सुईवर विश्वास ठेवून चालत राहिल्या आणि भलत्याच नाल्यात उतरल्या. गुराख्यांनी त्यांना दुपारी परत आणून सोडलं, तेव्हा पाय काट्यांनी फाटलेले.

शिबिरप्रमुख पितांबरनाना माईकवर हसत म्हणाले, "मुलींना दिशा कळत नाही, हे आज सिद्ध झालं!" मैदान खदाखदा हसलं. पथकाची नायिका भूमिका रडायला लागली.

कुंदाबाईंनी तिच्या हातातलं होकायंत्र घेतलं. एव्हाना ढग फाटून ऊन पश्चिमेकडे कललं होतं. सुईचं लाल टोक सरळ दक्षिण दाखवत होतं. त्या तडक साहित्याच्या तंबूत गेल्या. मुलींसाठी काढलेल्या होकायंत्रांची पेटी भल्यामोठ्या कर्ण्याला टेकवून ठेवलेली. कर्ण्यातल्या चुंबकानं सुईचे ध्रुवच उलटे केले होते.

"नाना, पेटी इथं कुणी ठेवली?"

"मीच. का बरं?"

"का बरं? पोरी जंगलात हरवल्या, म्हणून!"

सोबत आणलेल्या प्रयोगाच्या सामानातला पट्टीचुंबक उचलून त्या मैदानात आल्या. होकायंत्र तिरपं धरून सुई अडवली. चुंबकाचं दक्षिण टोक काचेवरून, सुईच्या मध्यापासून लाल टोकापर्यंत ओढलं, उचललं, पुन्हा मध्यावर आणलं. बऱ्याच वेळा घासल्यावर होकायंत्र आडवं केलं. सुई डुलली आणि लाल टोक उत्तरेला थांबलं.

तेवढ्यात भूमिकाचे वडील लोटनभाऊ मोटारसायकलवर आले. पोर हरवल्याचं कुणीतरी फोनवर कळवलं होतं.

"चाल माय, घर चाल. हाई शिबिर-बिबिर बठ्ठं पुरं झालं."

"भाऊ, ती चुकली नाही. यंत्र चुकलं."

"काय बी म्हना अक्का, पोर जंगलमा चुकनी ना?"

कुंदाबाई नानांकडे वळल्या. "आता माईकवर सांगा, चूक तुमची होती."

नानांनी माईक घेतला. "साधनात थोडा तांत्रिक बिघाड होता. मुलींनी मनाला लावून घेऊ नये."

"बिघाड नाही, तुमचा निष्काळजीपणा! माफी मागा."

नानांनी माईक बंद केला.

भूमिकानं मग वडिलांच्या तळहातावर होकायंत्र ठेवलं, सगळं समजावून सांगितलं. लोटनभाऊ जागच्या जागी वळून सुई बघत राहिले. शेवटी म्हणाले, "ऱ्हाय मग पथकमा. पन या मानूसना शिबिरमा नको."

त्याच संध्याकाळी कुंदाबाईंनी पथकाचं सामान बांधलं. बक्षीस समारंभाला थांबल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी शाळेचंच शिबिर भरवलं. त्यात होकायंत्र हातात धरून भूमिका सगळ्यांच्या पुढे चालली होती. नानांचं नाव निघालं की कुंदाबाईंचा आवाज मात्र आजही चढतो.