ताईचा टाको मसाला आणि माझी खोटी जीभ

बातमी आली तेव्हा मी खोटं बोलत होतो. नागपूरच्या गांधीबागेतल्या ज्या दुकानात मी चाळीस वर्षं साड्या विकल्या, तिथे अजूनही सकाळच्या चहाला जाऊन बसतो. त्या दिवशी दुकानातल्या नव्या सेल्समनला सांगत होतो की उमरेडकडच्या एका बाईच्या हातून मी विकलेली साडी विहिरीत पडली, ती बारा वर्षांनी वर काढली, तर तोवर विहिरीचं पाणी गेलं होतं, पण साडीचा रंग गेला नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. ताईची नात, जुई. "आजोबा... आजी गेली." मी फोन खिशात ठेवला. सेल्समन म्हणाला, "मग काय झालं काका? त्या बाईनं साडी नेसली का?" आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचं काही सुचलं नाही.

त्याला आता दीड महिना झाला. ताई म्हणजे शकुंतला, माझी थोरली बहीण. शहराच्या कडेला, बेसाला मुलगा-सून-नातीबरोबर राहायची, मी तिथून दोन गल्ल्या सोडून. "बाल्या जे सांगन त्यातलं अर्धं सोडून द्यायचं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावून ठेवायची, मीच शेजारी बसलेलो असताना. तर तिच्या नाकाबद्दल मी आता जे सांगतो त्यातलंही अर्धं सोडून द्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वरणात हिंग घातला नाही, हे ती तळमजल्यावरून ओळखायची आणि हिंगाची डबी लिफ्टमध्ये ठेवून बटण दाबायची. डबी एकटी वर जायची आणि तासाभरानं वाटीभर वरण घेऊन खाली यायची. कुणाकडं साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, स्वयंपाक असला की आचारी तिला कढईपाशी बोलवायचा. ती थेंबभर रस्सा तळहातावर घ्यायची, चाटायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "धने कच्चे राहिले गा." आचारी मिशीवाला असो की बिनमिशीचा, मान खाली घालून धने भाजायला बसायचा. हे मात्र अर्धं सोडू नका. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जुई दहावीत असताना टाको नावाचं प्रकरण आमच्या घरात शिरलं. पोरीनं कुठल्याशा मॉलमधून टाको मसाल्याची एक पुडी आणली. खिम्यात नाहीतर राजम्यात ती घालायची, मक्याच्या कडक पोळीची घडी करून त्यात भरायचं, वर कांदा-टमाटर. ताईनं पुडी फाडली, चिमूटभर तळहातावर घेतली, चाटली आणि डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून. "जिरं," ती म्हणाली. "मिरची. धने. लसणाची पूड, कांद्याची पूड. मीठ, बोटभर साखर. थोडं मक्याचं पीठ, रस्सा धरून ठेवाले. अन् हे एक हिरवं... ओव्याच्या पानाचं भाऊबंद दिसते."

"आजी, ते ओरेगॅनो," जुई म्हणाली.

"असन. त्याची बहीण माह्या कुंडीत हाय." मग पुडी उलटीपालटी करून तिनं जो चेहरा केला, तो आमच्या आईचा होता, भाजीवाल्यानं जुनी मेथी दाखवल्यावरचा. "बाप्पा! हे सारं माह्या डब्ब्यात भरून हाय. सात समुद्रापलीकडून काहून आणून राहिले लोकं?"

मसाला घरी करायचा पहिला प्रयत्न साफ फसला, आणि तो फक्त नागपूरच्याच बाईचा फसू शकतो असा फसला. आमच्याकडचा हात मिरचीवर थांबत नाही. मिरची भाजली की तो आपोआप दगडफुलाकडं जातो, तिथून खसखशीकडं, तिथून सुक्या खोबऱ्याकडं. ताईला कळलंही नाही. जुईनं पहिला घास घेतला, कानापर्यंत लाल झाली आणि म्हणाली, "आजी, हा टाको नाही. हा सावजी रस्सा आहे, फक्त रस्सा सांडून गेलाय." ताई हसली, पण मनात तिनं ते घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात हजर, पदराखाली दगडफुलाची बरणी. "हे तुह्याकडं ठेव. टाकोचा मसाला होईपर्यंत मी मागतलं तरी देऊ नको." तेव्हापासून नियमच झाला. बेसात कुणी मला बरणी घेऊन रस्त्यानं जाताना पाहिलं की समजायचं, आज शकुंतलाबाईंकडं टाको आहे.

मग मात्र तिनं तो मसाला असा बसवला, की काय सांगू. कांदा-लसूण पातळ चिरून गच्चीवर. आमचा मे महिना म्हणजे सकाळी दहाला टाकलेला कांदा बाराला कुरकुरीत, एकला पूड, आणि दोनला बघायला गेलात तर तुमचीच पूड. भिवापुरी मिरची चाळणीत घालून कोळशाच्या धुरावर धरायची, कारण त्या पुडीत एक धुराचा वास होता, तो तिनं पकडला होता. ओव्याची पानं सावलीत वाळवायची, उन्हात नाही, उन्हात ती रुसतात. जिरं भाजायचं ते डोळ्यांनी नाही, कानांनी. "तडतडते तवर ते बोलून राहिलं, चुप झालं की उतरवायचं," असं म्हणायची. वर दोन बोटं आमचूर, जे पुडीत नव्हतं, तिचं स्वतःचं. मेक्सिकोतून माणसं मसाला शिकायला येतील आणि बेसाच्या चौकात पत्ता विचारत फिरतील, असं मी तेव्हाच जाहीर केलं होतं. अजून आलेली नाहीत. रस्त्यात असतील.

तीन वर्षं असं चाललं. मग ताईची धंतोली, म्हणजे आमच्याकडची दवाखान्यांची वस्ती, सुरू झाली. एक दवाखाना, त्याच्या समोर तपासणीचा दुसरा, बाजूला औषधाचा तिसरा. औषधं जहाल होती. एका दुपारी ती एकटीच माझ्याकडं आली, या वेळी बरणी नव्हती. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "बाल्या, माही जीभ गेली."

मी म्हटलं, "बोलून तर राहिली तू."

"बोलाची नाही गा. चवीची. चहा पेते तं गरम पाणी लागते. आंब्याचं लोणचं खाल्लं, जसा कागद खाल्ला. वासही येत नाही." जराशानं म्हणाली, "घरी सांगितलं नाही मी. सांगितलं तं उद्यापासून मले खुर्चीवर बसवतीन अन् मुगाची खिचडी हातात देतीन. मंग मी काय करू घरात?"

वर आणखी एक होतं. पंधरा दिवसांवर त्यांच्या सोसायटीचा आनंद मेळावा होता आणि आजी-नातीनं टाकोच्या स्टॉलसाठी नाव देऊन ठेवलं होतं. जुईनं सगळ्या मैत्रिणींना सांगितलेलं, माझ्या आजीचा मसाला म्हणजे मसाला. ताईला माघार घ्यायची नव्हती. स्वयंपाकघर हातातून जाऊ द्यायचं नव्हतं. त्यासाठी तिला एक जीभ हवी होती, आणि तिच्या ओळखीत तिचं गुपित ठेवील अशी जीभ एकच होती. ज्या जिभेचं अर्धं सोडून द्यायचं, ती.

दुसऱ्या दिवशी घरचे कामावर गेल्यावर आम्ही बसलो. ताईनं हातच्या अंदाजानं मसाला केला, चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवला. मी चाटला. मीठ दोनदा पडलं होतं. नुसतं दोनदा नाही, अख्खा समुद्र वाळवून घातल्यासारखं. मी तिच्याकडं पाहिलं. डोक्याला रुमाल, गालाची हाडं वर आलेली, डोळे माझ्या तोंडावर. चाळीस वर्षं मी बायकांच्या डोळ्यांत बघून त्यांना हवं ते सांगत आलो, तेच तोंडातून निघालं, "वा ताई! अमृत! मेक्सिकोचा राजा येऊन पाय धरील!"

ती उठली. माठातून पाण्याचा ग्लास भरून माझ्यापुढं ठेवला. मी प्यालो. तिनं दुसरा भरला. तोही प्यालो. तिसरा भरला आणि हातातच धरला. "अमृत पेल्यावर इतकं पाणी लागते काय गा?" तिनं ग्लास खाली ठेवला. "साऱ्या जिंदगीत तू माह्याशी खोटं बोलला, मी हसली. मले ओळखू येत होतं ना, म्हणून हसली. आता नाही ओळखू येत बाल्या. आता तू खोटं बोलला तं मी आंधळी झाली."

मी दुकानात हजारो साड्या उलगडल्या, पण एवढं उघडं मला कुणी केलं नव्हतं. मी म्हटलं, "मीठ जास्त आहे. फार जास्त." तिनं सगळा मसाला डस्टबिनमध्ये ओतला, पदर खोचला आणि म्हणाली, "हौ. आता कसं!"

त्या पंधरा दिवसांत तिनं मला चाखायला शिकवलं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मला कळलं की आजवर मी नुसता गिळत होतो. आधी काय येतं, मागून काय येतं, शेवटी जिभेच्या कडेला काय राहतं, हे ती एकेक विचारायची, वकिलासारखी. "मिरची समोर हाय की मांगं?" "मागं." "आमचूर?" "येऊन गेलं." "गेलं की अजून हाय?" भाजणं, धूर, रंग हे तिचे कान, डोळे आणि बोटं बघत होती, तिथे तिला कुणाची गरज नव्हती. आंबटाला आणि खाराला मात्र मी. एकशे अकरा वेळा मसाला केला आम्ही. बरं, सात वेळा. पण सातही वेळा मी खरं बोललो, आणि माझ्या हिशेबानं ते एकशे अकराच्या वरचं आहे. सातव्यांदा मी तळहात चाटला आणि काहीच बोललो नाही, कारण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ताईनं माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग हलकेच म्हणाली, "झाला वाटते."

मेळाव्यात आमच्या स्टॉलची रांग पार वर्धा रोडला लागली होती. ठीक आहे, सोसायटीच्या गेटापर्यंत होती, पण गेटाबाहेर वळली होती हे नक्की. बाजूच्या स्टॉलवरच्या बाई येऊन विचारू लागल्या, "काकू, मसाला कुठून मागवला हो? ऑनलाइन?" ताई म्हणाली, "आमच्या गच्चीवरून." गर्दी जरा ओसरल्यावर जुईनं एक टाको भरून आजीच्या हातात दिला, "आजी, तू पण खा ना." सगळे बघत होते. ताईनं घास घेतला. सावकाश चावला. तिच्या तोंडात त्या वेळी कागद होता, हे त्या अख्ख्या मांडवात मला एकट्याला माहीत. तिनं घास गिळला, माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, आणि मग ती जुईला म्हणाली, "मस्त झाला वं. आमचूर शेवटी येते, पाह्य." ते ऐकून माझी छाती जी फुगली ती अजून खाली आलेली नाही. बहिणीनं माझ्या शब्दावर, माझ्या एकट्याच्या शब्दावर, साऱ्या सोसायटीसमोर साक्ष दिली होती.

त्यानंतरचे सगळे महिने तिचा स्वयंपाक तिनंच केला. रोज अकराच्या सुमारास मी "सहज" चक्कर मारायचो आणि ओट्यापाशी तळहात पुढे करायचो. सून म्हणायची, मामांना हल्ली भूक फार लागते. शेवटचे आठ दिवस सोडले तर ताई खुर्चीवर बसली नाही. कुणाला कळलं नाही.

मागच्या रविवारी जुईनं मला बोलावलं. ओट्यावर मसाल्याची बरणी, तळाशी दोन चमचे उरलेला. बरणीवर पांढरी पट्टी, तिच्यावर ताईच्या वळणदार अक्षरात 'टाको', आणि खाली बारीक, 'बाल्या पास'. जुईनं विचारलं, "आजोबा, हे बाल्या पास काय आहे?" मग मी सांगितलं. सगळं, अर्धं न सोडता. तिनं बरणीवरची पट्टी बोटानं पुन्हा चाचपली. म्हणाली, "म्हणजे माझ्या वाढदिवसाला आजी म्हणाली होती, केकवरची कॉफी जरा कडू आहे..." मी म्हटलं, "मीच सांगितलं होतं तिला. कानात." पोरगी हसली आणि तिचे डोळे एकदम भरून आले.

मग तिनं नाक पुसलं आणि नवा मसाला करायला घेतला. कांदा-लसूण ताईनंच उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला होता. जिरं भाजताना तिनं कान कढईकडं केला होता. दगडफुलाची बरणी मी आल्याआल्याच ओट्यावरून उचलून माझ्या पिशवीत घातली होती. सगळं कुटून झाल्यावर तिनं नवी पट्टी कापून बरणीला चिकटवली, पेनाचं टोपण काढून दातात धरलं आणि माझ्या तळहातावर चिमूट ठेवली. "आजोबा, वाढवून नका सांगू."

पोरगी तीन तास उभी होती. केसांत मसाला, डोळे लाल. मी चाटलं. मिरची मागं होती. धूर होता. आमचूर शेवटी आलं आणि राहिलं. ताईच, ताईच होती जवळजवळ. 'पास' म्हणायला जीभ पार दातांपर्यंत आली होती.

"मीठ," मी म्हटलं, "चिमूटभर कमी."

जुईनं दातातलं टोपण काढून पेनाला लावलं, पेन बाजूला ठेवलं आणि मिठाचा डबा पुढे ओढला. "हौ," ती म्हणाली. "आता कसं!"