मोहाची पहिली धार
परवा कुणीतरी मोहाच्या दारूची बाटली उघडली आणि त्या उग्र-गोड वासासरशी मला संग्रामपूरपलीकडच्या डोंगरपायथ्याचं एक अंगण आठवलं. मी तेव्हा पुण्याच्या हॉटेलात कॉकटेल बनवायचो. जुन्या, विसरलेल्या दारूंची चव ग्लासात परत आणायचं वेड लागलं होतं, म्हणून त्या भागात मोहाची दारू गाळणारा शेवटचा म्हातारा शोधून काढला. माझ्यासाठी त्यानं आठवडाभर आधी फुलं भिजवली होती. भट्टी तापली, पहिली धार पडली, तशी त्यानं वाटी माझ्यापुढे धरली. “बाबा, आधी तुम्ही चाखा,” मी म्हणालो. “मोठा ताप येऊन गेला, तवापासून मले वासही येत नाही अन् चवही कळत नाही. तूच सांग, बराबर जमली काय?” मी घोट घेतला. घसा जळला, मागून धुरकट गोडवा आला. पण बरोबर म्हणजे कशी, हे मला कुठं ठाऊक होतं? “जमली,” मी नजर चुकवत म्हणालो. “खोटं काऊन बोलून राह्यला बे?” तो हळूच म्हणाला आणि त्यानं भट्टीखालची जळती लाकडं बाहेर ओढून घेतली. पुढच्याच वर्षी तो गेला. आज माझ्या मेनूत मोहाचं कॉकटेल आहे, लोक वाखाणतात, आणि ते चुकलंय हे सांगू शकणारं कुणीच उरलेलं नाही.