खिडकीपाशी न सांगितलेला आजार

एकाच आजारासाठी मी सरकारकडे सात अर्ज केले आणि त्यांपैकी एकातही 'लघवी' हा शब्द लिहिला नाही, हे कबूल करताना आजही मला स्वतःचा संताप येतो.

तालुक्याच्या दवाखान्यात रीत अशी होती की रोग्याने खिडकीपाशी आजार सांगायचा, कंपाउंडरने तो मोठ्याने उच्चारायचा आणि आतल्या कारकुनाने वहीत लिहायचा. बायकांची रांग हातभर अंतरावर. म्हसावदहून बैलगाडीने मी तेथे पोहोचलो, तेव्हा त्या रांगेत माझ्या मुलीची सासू उभी होती. दोन महिन्यांपासून मला लघवी थेंबथेंब होत होती. डागाच्या भीतीने चारचौघांत बसणे मी सोडले होते. तरीही विहीणबाईंना पाहून मी म्हणालो, "पोटात दुखते."

"पोटदुखी," कंपाउंडरने पुकारा केला. मला पाचकाची बाटली मिळाली, आणि भरपूर पाणी पिण्याची ताकीद.

पाण्याने त्रास दुप्पट झाला. मी जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस लिहिले की सरकारी दवाखान्याने रयतेची अशी हेळसांड करणे नियमांस धरून नाही. उत्तर आले, मात्रा वाढवावी. मी पुन्हा लिहिले, कलमवार. चौथ्या अर्जात तर दवाखान्यात आवश्यक साधने नसल्याचा आरोपही केला. मात्र जिल्ह्याच्या कचेरीत टपाल फोडणारा हेडक्लार्क आमच्या भाऊबंदांपैकी होता, म्हणून रोगाचा उल्लेख प्रत्येक वेळी 'सदरहू व्याधी' असाच राहिला.

सातव्या अर्जानंतर एके दिवशी सकाळपासून थेंबही उतरेना. ओटीपोट दगडासारखे झाले. मुलाने गाडीत घातले. चाकोरीतल्या प्रत्येक हिसक्याला मी दात आवळत होतो. आणि खिडकीपाशी पोहोचताच मी सुरुवात काय केली? "सदरहू व्याधीसंबंधी माझा अर्ज प्रलंबित आहे."

"आबा, अर्ज ऱ्हाऊ द्या," कंपाउंडर म्हणाला. "काय व्हई ऱ्हायनं ते सांगा."

"लघवी तुंबली आहे."

या वेळी त्याने पुकारा केला नाही. दार उघडून हाताला धरून आत नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेटची गाठ वाढली आहे. उकळलेली रबरी नळी आत गेली आणि मला रडू आले.

"हाई नळी कपाटमाच व्हती, आबा," कंपाउंडर भांडे धरून म्हणाला. "तुम्ही पोट सांगं, आम्ही पोटनं औसद दिधं."

याविरुद्ध अर्ज करण्याजोगे कलम मला सापडले नाही. मी डॉक्टरांना विचारले: इतके दिवस ताणलेली पिशवी पुन्हा आपली आपण रिकामी होईल का? झाली नाही. नळी कायमची मागे लागली.

आठवा अर्ज मी त्याच कचेरीकडे खिडकीला आडपडदा मिळावा म्हणून केला. रोगी लाजतो हा त्याचा गुन्हा असेल. पण त्याला बायकांपुढे उभे करून बोलायला लावणे ही दवाखान्याची सोय कशी ठरते? पहिल्याच ओळीत मी लघवी, गाठ आणि नळी स्पष्ट लिहिली. पडदा आला नाही. भाऊबंदांच्या प्रत्येक लग्नात मात्र लोक हलक्या आवाजात विचारू लागले, "आते उतरस ना, आबा?"