चष्म्यातली आग आणि देविदासभाऊ

लॅबमधल्या बाटल्यांना लेबलं लावता येतात, किस्स्यांना कोण लावणार? चहाला बसलं की कुठलाही सांडतो. बुलढाण्यातल्या आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधले बहुतेक किस्से देविदासभाऊंचे. ते आमचे लॅब अटेंडंट. रोज देऊळघाटहून यायचे.

*

सेफ्टी ट्रेनिंगसाठी ऑगमेंटेड रिॲलिटीचा चष्मा आला तो दिवस! डोळ्यांवर चढवला की आपलंच टेबल दिसतं, पण त्यावर खोटी आग लागते. पहिला मान भाऊंना. आग दिसताच त्यांनी कोपऱ्यातली बादली उचलली आणि माझ्या हजेरीपटासकट सगळ्या टेबलावर वाळू ओतली!

"अहो भाऊ, आग खोटी होती!"

"असन मॅडम. पन वाळू तं खरी होती नं!"

*

बीबी गावची वैष्णवी, फर्स्ट इयरची. चष्म्यात तिच्या हातावर ॲसिड सांडलं. पोरगी धावत नळावर! बराच वेळ झाला तरी हात काढेना.

"अगं, खरं ॲसिड नव्हतं ते!"

"पन मॅडम, भाऊनं सांगतलं, मी म्हनल्याशिवाय नळ बंद करायचा नाही."

भाऊ तिकडे निवांत डबा खात होते!

*

प्राचार्यांनी चष्मा लावला आणि गॉगल न घालताच बर्नर पेटवला. समोर लाल अक्षरं आली, 'तुम्ही गंभीर जखमी आहात.'

भाऊ म्हणाले, "सर, मंग माह्या रजेच्या अर्जावर आता कोन सही करन?"

*

चष्म्यातून सूचना देणारी बाई इंग्रजीत बोलायची. पोरांच्या डोक्यावरून जायचं. शेवटी आम्ही तिच्या जागी भाऊंचा आवाज भरला. "काऊन घाई करून राह्यला बे? गॉगल लाव अगोदर!" पोरं हसायची, पण गॉगल लावायची.

*

भाऊंना हार्ट अटॅक आला आणि ते गेले, त्याला आता वर्ष होईल. मागच्या महिन्यात त्यांच्या पत्नी, शांताकाकू, कपाटात सापडलेल्या लॅबच्या किल्ल्या द्यायला आल्या. "दिवसभर इथंच राहत होते का हे?" म्हणत टेबलावरून हात फिरवत राहिल्या.

मी त्यांना स्टुलावर बसवलं, चष्मा लावून दिला. खोटी आग भडकली तशा त्या दचकल्या. माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात चष्म्यातून भाऊंचा आवाज आला, "भेऊ नको. मी आहो नं इथं."

काकूंनी माझा हात सोडला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान डोलावत हळूच म्हणाल्या, "हाव."